परिचारिकांची माउली : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, अशी प्रथा आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दुपारचे आवरल्यावर जे काही वाचन होते तेवढेच. तरी भगिनींनी हे चार शब्द गोड मानून घ्यावेत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्याला शाळेतल्या धड्यापासून ठाऊक आहे. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी ती बाई. पण दिव्याचा तो काळ पावणेदोन वर्षांचा होता आणि फ्लॉरेन्सबाई जगल्या नव्वद वर्षे. मग बाकीच्या आयुष्यात त्यांनी काय केले? पुष्कळच केले. त्यातला एक मोठा भाग असा, की रोग्यांची सेवा करणाऱ्या ज्या मुली, त्यांची काळजी त्यांनी वाहिली. त्या नीट जेवतात का, झोपतात का, त्यांना मानाने वागवले जाते का, हे त्या पाहत राहिल्या. हा भाग आपण कमी ऐकलेला असतो, म्हणून आज तोच सांगायचे मी ठरवले आहे.

फ्लॉरेन्सबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील इंग्रज. लग्नानंतर ते इटलीत प्रवासाला गेले होते. थोरली मुलगी नेपल्सला झाली, तिचे नाव त्या गावाच्या जुन्या ग्रीक नावावरून पार्थिनोपी ठेवले. धाकटी फ्लॉरेन्सला झाली, म्हणून ती फ्लॉरेन्स. घरी अपार श्रीमंती. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात एक घर आणि हॅम्पशायरमध्ये दुसरे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी. आईची इच्छा एवढीच, की मुलींनी चांगले कपडे घालावेत, मेजवान्यांना जावे आणि तोलामोलाच्या घरी पडावे.

सतराव्या वर्षी, १८३७ साली, फ्लॉरेन्सला वाटले की देवाने आपल्याला कशासाठी तरी बोलावले आहे. कशासाठी, ते उमगायला आणखी काही वर्षे गेली. गावातल्या गरीब आजाऱ्यांकडे जाता येता तिला कळून चुकले, की आपला जीव इथेच रमतो. १८४५ साली तिने घरात विचारले, की सॉल्झबरीच्या इस्पितळात काही महिने राहून शुश्रूषेचे काम शिकू का? घरात आकाश कोसळले. आई रडली, बहिणीला तर झटकेच आले.

त्यांना तरी सर्वस्वी दोष कसा द्यावा? त्या काळी इंग्लंडात इस्पितळात काम करणाऱ्या बाईला समाजात काडीची किंमत नव्हती. ज्यांना दुसरीकडे कुठे काम मिळत नाही अशा बायका तिथे जात. पुष्कळ जणी दारू पीत. वॉर्डाच्या बाहेरच्या कोंदट खोपटात किंवा वॉर्डातच झोपत, तिथेच काहीतरी शिजवून खात. पगार तुटपुंजा. शिकवणारे कोणी नाही. मग त्या वाईट म्हणून त्यांना वाईट वागवायचे, आणि वाईट वागवल्यामुळे चांगल्या घरची मुलगी तिकडे फिरकायची नाही, असे ते चक्र होते. फ्लॉरेन्सबाईंच्या साऱ्या आयुष्याचे काम हे चक्र मोडण्याचे होते, असे मला वाटते.

नऊ वर्षे मागे लागलेल्या एका सज्जन, सुविद्य गृहस्थाला १८४९ साली त्यांनी नकार दिला. ते त्यांना आवडत होते, तरीही. १८५१ साली जर्मनीतील कायझर्सव्हर्थ येथे एका पाद्र्याने चालवलेल्या संस्थेत त्या तीन महिने राहिल्या व रोग्यांची सेवा शिकल्या. शेवटी १८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील, गरिबी आलेल्या कुलीन स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. वडिलांनी मन मोठे करून वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या.

तिथे त्यांनी पहिल्याप्रथम काय केले, ते आपण गृहिणींनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी मजल्या-मजल्यावर नळाने गरम पाणी पोचवले. स्वयंपाकघरातून जेवण वर चढवण्यासाठी दोरीने ओढायचा पाळणा बसवला. आणि रोग्यांच्या घंटा अशा लावल्या, की कोणत्या खोलीतून घंटा वाजली हे परिचारिकेला बसल्या जागी दिसावे. हे सारे रोग्यांसाठी तर खरेच, पण मुळात ते परिचारिकेच्या पायांसाठी होते. दिवसभर पाण्याच्या बादल्या आणि ताटे घेऊन जिने चढणारी बाई रोग्याजवळ बसणार कधी आणि त्याच्याकडे पाहणार कधी? आपल्यापैकी ज्यांनी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी वाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढच्याच वर्षी रशियाशी क्रिमियाची लढाई जुंपली. जखमी इंग्रज शिपायांची इस्पितळात किती दैना चालली आहे, याच्या बातम्या लंडनच्या टाइम्स पत्रात येऊ लागल्या आणि लोक खवळले. सिडनी हर्बर्ट हे मंत्री फ्लॉरेन्सबाईंना चांगले ओळखत होते. त्यांनी परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी अडतीस बायका घेऊन त्या निघाल्या. त्यांत चोवीस जणी वेगवेगळ्या धर्मसंस्थांतून आलेल्या आणि चौदा इस्पितळातल्या पगारी परिचारिका.

फ्रान्सच्या बुलोन बंदरात उतरल्यावर तिथल्या कोळणींना कळले की या बायका शिपायांची सेवा करायला चालल्या आहेत. त्यांनी साऱ्यांचे सामान डोक्याखांद्यावर घेतले आणि एक दिडकी घेतली नाही. वाटेतल्या मुक्कामावर दुसरी एक गोष्ट घडली. फ्लॉरेन्सबाई स्वतः त्या पगारी परिचारिकांच्या जेवणाखाण्याची, सोयीची विचारपूस करू लागल्या, त्यांना वाढू लागल्या. त्या बायका चकित झाल्या. आजवर त्यांच्या सोयीची चौकशी कोणी केलीच नव्हती. आपली मुख्य बाई आपल्यासाठी खपते, हे त्यांना नवे होते.

४ नोव्हेंबरला ही मंडळी स्कुटारी येथे पोचली. हे ठिकाण म्हणजे आजच्या इस्तंबूल शहराचाच पलीकडच्या किनाऱ्यावरचा भाग. तिथल्या एका अवाढव्य बराकीचे इस्पितळ केलेले. चाळीस बायकांना राहायला मोजक्या लहान खोल्या. त्यांतल्या एका खोलीत एका रशियन सेनाधिकाऱ्याचे प्रेत तसेच पडलेले होते. उंदीर, घुशी, पिसवा. पाणी माणशी दिवसाला जेमतेम अर्धा लिटर, त्यातच पिणे आणि धुणे. डॉक्टरांना तर या बायका नकोच होत्या. फ्लॉरेन्सबाईंनी सर्वांना सांगून ठेवले, की डॉक्टर बोलावतील तेव्हाच वॉर्डात पाऊल टाकायचे. तोवर बायकांनी उशा शिवल्या, गाद्यांत पेंढा भरला, जखमेला बांधायच्या पट्ट्या केल्या. रोगी समोर कण्हत असताना हात बांधून बसणे सोपे नव्हे. काही जणी रागावल्या. पण थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमी लोटले आणि डॉक्टरांनीच बोलावणे धाडले.

तिथे त्या कडक होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. एकटीने बाहेर जायचे नाही, दारू ठरल्यापेक्षा जास्त घ्यायची नाही. नियम मोडणारीला त्या पहिल्या जहाजाने परत पाठवीत. रात्री साडेआठनंतर वॉर्डात कुणाही परिचारिकेने थांबायचे नाही, हा नियमही त्यांचाच. शिपायांच्या बराकीत आपल्या बायकांविषयी कोणी वावगा शब्द काढू नये, यासाठी ही दक्षता होती. एक शब्द जरी निघाला असता, तरी पुढे शंभर वर्षे कोणी आपली मुलगी या कामाला पाठवली नसती. रात्रीची फेरी मग त्या स्वतः घेत. धड्यातला दिवा तो हा. तो चित्रात दाखवतात तसा पणतीसारखा नव्हता. तुर्की धर्तीचा, घडी होणारा, कापडी कंदील होता.

या कडकपणाच्या आत मायाही होती. एका परिचारिकेला सरकारी गणवेशातली टोपी तोंडाला मुळीच शोभेना. टोपी अशी असते हे आधी ठाऊक असते तर आपण आलोच नसतो, अशी तक्रार घेऊन ती फ्लॉरेन्सबाईंकडे आली. माणसे मरत असताना टोपीची तक्रार! दुसरी कोणी तिला फाडून खाती. बाईंनी ती गोष्ट हसण्यावारी नेली आणि त्या परिचारिकेला सांभाळून घेतले. पुढे तीच त्यांच्या चांगल्या परिचारिकांत गणली गेली. इंग्लंडला परतल्यावर ज्या ज्या बायकांनी नीट काम केले होते, त्यांच्यासाठी शिफारसपत्रे लिहिण्याची, त्यांना कामे मिळवून देण्याची खटपट त्यांनी केली. स्वतःच्या सत्काराला मात्र त्या गेल्या नाहीत. १८५६ च्या ऑगस्टमध्ये मिस स्मिथ असे खोटे नाव घेऊन त्या गुपचूप घरी आल्या.

स्कुटारीच्या पहिल्या हिवाळ्यात त्या तिथे असूनही मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. १८५५ च्या मार्चमध्ये आरोग्य समिती आली, तिने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यू झपाट्याने घटले. हे आकडे पुढे फ्लॉरेन्सबाईंनी स्वतः मांडून दाखवले. आपली सेवा कमी पडली असे त्यातून निघत होते, तरी त्यांनी ते झाकले नाही.

क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली. १८५७ नंतरची कित्येक वर्षे त्यांनी बहुतेक अंथरुणावर काढली. पण त्यांच्या गौरवासाठी लोकांनी निधी जमवला होता. तो सुमारे ४४,००० पौंड झाला होता. त्यात शिपायांनी एक-एक दिवसाचा पगार दिला होता. त्या पैशातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा शिकाऊ मुली होत्या.

या शाळेची व्यवस्था कशी होती ती पाहा. प्रत्येक मुलीला झोपायला स्वतंत्र खोली. जेवण, चहा-साखर, कपडे धुण्याची सोय संस्थेकडून. वर वर्षाला दहा पौंड हातखर्चाला. सर्वांना बसायला एक दिवाणखाना, त्यात पुस्तके, चित्रे, नकाशे. फ्लॉरेन्सबाई घरून फुले पाठवीत. ज्या कामाला लोक मोलकरणीच्या कामाहूनही हलके समजत, त्या कामाच्या मुलीला स्वतःची खोली आणि स्वतःचे दार मिळाले. बाईमाणसाला स्वतःच्या दाराची किंमत काय असते, ते एकत्र कुटुंबात नांदलेल्या भगिनींना विचारावे.

रात्रपाळीच्या मुलींविषयी तर त्यांचा फार कटाक्ष असे. रात्रभर जागलेल्या मुलीला दिवसा झोप मिळाली नाही, तर ती दुसऱ्या रात्री रोग्याला काय सांभाळणार? म्हणून त्यांच्या खोल्या गडबडीपासून दूर, शांत बाजूला असाव्यात, त्यांना वेळच्या वेळी गरम व चांगले शिजलेले अन्न मिळावे, दिवसातून थोडे मोकळ्या हवेत फिरायला मिळावे, वर्षातून सुटी मिळावी, हे त्या लिहून लिहून अधिकाऱ्यांना सांगत. हे लाड नव्हेत. ज्या हातांनी औषध मोजायचे, ते हात थकव्याने थरथरू नयेत, असा त्यांचा हिशेब होता.

शाळा सुरू झाली म्हणजे सारे सुरळीत झाले असे नाही. पहिली दहा-बारा वर्षे फ्लॉरेन्सबाई लष्कराच्या आरोग्याच्या आणि हिंदुस्थानातील स्वच्छतेच्या प्रश्नांत बुडालेल्या होत्या. शाळेचा कारभार मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर या विधवा बाईंकडे होता. १८७१ साली इस्पितळ थेम्स नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले आणि त्यानंतर फ्लॉरेन्सबाईंनी बारकाईने लक्ष घातले. तेव्हा दिसले, की शिकवणे मागे पडले आहे आणि शिकाऊ मुलींना वॉर्डातल्या हातकामालाच राबवले जात आहे.

मग त्यांनी मार्ग काढला तो असा. शिकाऊ मुलींच्या घरी एक होम सिस्टर नेमली. तिचे काम थोरल्या बहिणीचे. मुलींना अभ्यासात मदत करायची, त्या जेवल्या की नाही पाहायचे, कोणाचा चेहरा उतरला आहे ते ओळखायचे. मेट्रनबाई शिस्त पाहणार आणि होम सिस्टर मन सांभाळणार. शिवाय फ्लॉरेन्सबाई एकेका मुलीला आपल्या साउथ स्ट्रीटवरील घरी चहाला बोलवू लागल्या. स्वतः पलंगावर पडून त्या तासन् तास बोलत, काय शिकलीस, काय अवघड जाते, सिस्टर कशी वागवते, हे सारे काढून घेत आणि मुलगी गेल्यावर वहीत टिपून ठेवीत. जाताना तिच्या हाती केक, फुले असे काहीतरी असायचेच. त्या केवळ कौतुक करीत नसत. कोण चुकारपणा करते, कोण तोंडपुजी, तेही त्या वहीत असे. १८७२ पासून पुढे बहुतेक दर वर्षी त्या शाळेच्या मुलींना एक लांब पत्र लिहीत आणि ते सर्वांसमोर वाचून दाखवले जाई. आजारी बाईने अंथरुणावरून चालवलेले हे घरच होते म्हणा ना.

शिकून बाहेर पडलेल्या मुली ठिकठिकाणच्या इस्पितळांत मेट्रन झाल्या. एडिंबरो, लिव्हरपूल, दूर ऑस्ट्रेलियातील सिडनी, कॅनडातील माँट्रियल. नव्या गावी नव्या माणसांत एकटी पडलेली मेट्रन त्यांना पत्र लिही. कमिटीशी कसे बोलावे, डॉक्टर ऐकत नाहीत तर काय करावे, मन उदास होते तर काय करावे. प्रत्येकीला उत्तर जाई. कोणी आजारी पडली तर तिच्या विश्रांतीची, हवापालटाची व्यवस्था त्या करीत, पुष्कळदा पदरच्या पैशाने. अँजेलिक प्रिंगल आणि रेचल विल्यम्स या दोन मेट्रन तर त्यांच्या मुलींसारख्याच होत्या. म्हणजे सांभाळणाऱ्या मेट्रनलाही कोणीतरी सांभाळणारे हवे, हे त्या जाणून होत्या.

हे शहाणपण त्यांना एका दुःखातून अधिक कळले असावे. अॅग्नेस जोन्स ही त्यांच्या शाळेतून गेलेली अत्यंत गुणी बाई. लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या इस्पितळात बाराशेच्या वर रोगी होते आणि त्यांची शुश्रूषा तिथल्याच निराधार बायकांकडून करवून घेत. विल्यम रॅथबोन या उदार व्यापाऱ्याच्या मदतीने १८६५ साली बारा परिचारिका घेऊन अॅग्नेस तिथे गेली. पहाटे उठून रात्री अकरापर्यंत ती खपे. तिने ते नरकासारखे ठिकाण पालटून टाकले. पण कामाच्या ओझ्याखाली देह झिजला आणि १९ फेब्रुवारी १८६८ रोजी टायफसच्या तापाने वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. फ्लॉरेन्सबाईंनी तिच्यावर हृदयस्पर्शी लेख लिहिला. नुसत्या त्यागाची स्तुती करून भागत नाही. त्याग करणारी जगली पाहिजे, तिला हाताखाली पुरेशी माणसे हवीत, विसावा हवा. या घटनेतून मला तरी हाच बोध होतो.

१८७४ साली लंडनमध्ये गरिबांच्या घरोघर जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांची संस्था निघाली. तेव्हा प्रश्न आला, की या परिचारिकांनी राहावे कुठे? कोणी म्हणे, त्या भाड्याच्या खोलीत एकेकट्या राहतील. १८७६ साली टाइम्स पत्रात फ्लॉरेन्सबाईंनी याविषयी लिहिले. दिवसभर घाणीत, दुःखात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी खरे घर हवे. तयार जेवण हवे, बोलायला बरोबरीच्या मैत्रिणी हव्यात, सल्ल्याला वडीलधारी बाई हवी. आल्यावर स्वतःच चूल पेटवून एकटीने खात बसली, तर ती लवकरच खचेल किंवा बिघडेल. म्हणून आधी घर आणि मग काम, असे त्यांचे म्हणणे होते.

फ्लॉरेन्सबाई म्हणजे निव्वळ देवीची मूर्ती, असे चित्र मला काढायचे नाही. त्यांना आपलेच खरे वाटे. जवळच्या माणसांना त्या फार राबवीत. आजारी सिडनी हर्बर्टनाही त्यांनी कामातून सुटू दिले नाही आणि ते १८६१ साली वारले. पुढे १८८७ पासून मिसेस बेडफर्ड फेनविक यांनी परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी व्हावी म्हणून चळवळ केली, तिला फ्लॉरेन्सबाईंनी कसून विरोध केला. परीक्षेत हुशारी कळते, माया आणि चारित्र्य कळत नाही, असे त्यांचे मत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण नोंदणी नसली म्हणजे पगार, हक्क आणि मान हे वरिष्ठांच्या मर्जीवर राहतात. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला. वरिष्ठांची माया हवीच, पण कायद्याचा आधारही हवा. दोन्ही असले म्हणजे नोकरी करणारी बाई ताठ मानेने उभी राहते.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण आपल्या देशाविषयी त्यांनी चाळीस वर्षे लिहिले. खेड्यांतील पाणी आणि स्वच्छता यांविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. आणि आपल्याच महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनामार्फत मुलींना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण देण्याचे ठरवले, तेव्हा त्यांनाही जुने तेच ऐकावे लागले. चांगल्या घरच्या बाईने परक्याची शुश्रूषा करायची? सोवळ्याओवळ्याचे काय? रमाबाईंनी त्या मुलींना आपल्या पंखाखाली घेतले. देश वेगळा, काळ वेगळा, पण अडचण एकच होती आणि उपायही एकच.

म्हातारपणी फ्लॉरेन्सबाईंची दृष्टी गेली, स्मृती मंदावली. १९०७ साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान मिळाला. तो मिळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर अॅबेत राजेरजवाड्यांच्या शेजारी दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी ती नाकारली आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या लहानशा चर्चच्या आवारात आईवडिलांजवळ त्यांना ठेवले. दगडावर नावही पुरते नाही. दोन आद्याक्षरे आणि सन, बस्स.

त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपले भारत सरकारही १९७३ पासून त्यांच्या नावे परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. २०२० हे त्यांच्या जन्माचे दोनशेवे वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून ठरवले होते, आणि नेमकी त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. आपण गच्चीत उभे राहून त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. पण त्याच दिवसांत देशात ठिकठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोली सोडायला सांगितले, शेजाऱ्यांनी जिन्यात अडवले, अशा बातम्याही आपण वाचल्या. थाळी वाजवणे सोपे असते, शेजार देणे कठीण जाते. फ्लॉरेन्सबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी जे मागितले, म्हणजे परिचारिकेला राहायला घर, पुरेशी झोप आणि मानाची वागणूक, ते देणे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.

म्हणून शेवटी दोन-तीन साध्या गोष्टी सुचवते. आपल्या वस्तीत काही मुली निरनिराळ्या इस्पितळांत रात्रपाळी करतात. त्या सकाळी येऊन झोपतात, तेव्हा त्यांच्या दाराशी गप्पांचा फड बसू नये, मुलांनी तिथे चेंडू आपटू नये, सणासुदीचा कर्णा त्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावू नये. इस्पितळात आपले माणूस असेल तर परिचारिकेला अगं-तुगं करून हाक मारू नये. सिस्टर म्हणावे, आणि तिच्यावर किती खाटांचा भार आहे तेही पाहावे. आपल्या हळदीकुंकवाला आणि मंडळाच्या सहलीला त्यांना आवर्जून बोलवावे. सुटी नसेल तर वाण घरी पोचवावे. मुलासाठी स्थळ पाहताना मुलगी नर्स आहे एवढ्यावरून पत्रिका बाजूला ठेवू नये.

यंदाच्या १२ मे रोजी जवळच्या दवाखान्यातील सर्व परिचारिकांना मंडळातर्फे घरचे गरम जेवण द्यावे, असा ठराव मी पुढील सभेत मांडणार आहे. पोळ्यांचा भार मी घेते. भाजी-आमटीची जबाबदारी कोण घेणार, त्या भगिनींनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.